तुम्ही विचारलंत म्हणून : पोराला आयटीआयला घालू का?

दहावीचा निकाल लागला की नाशिकच्या अंबड एमआयडीसीतल्या माझ्या छोट्या वर्कशॉपच्या दारात कुणाचे ना कुणाचे वडील येऊन उभे राहतात. "पोराला आयटीआयला घालू का? नोकरी लागेल ना?" आवाज खाली आणून विचारतात, जसं काही पोराच्या हातून काही चुकलंय. त्या दबक्या आवाजाचं मला फार वाईट वाटतं.

घाला की. मी स्वतः फिटर. सुरुवातीचे कित्येक आठवडे हातात कानस आणि समोर लोखंडाचा एक तुकडा, एवढंच होतं. घासायचं, काटकोन तपासायचा गुण्या लावायचा, उजेडाकडे धरून बघायचं. फटीतून उजेड दिसला की परत घासायचं. तळहाताला फोड आले होते. आज सीएनसीवर, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या मशीनवर, जॉबचं, म्हणजे घडवायच्या तुकड्याचं, माप पॉइंट झिरो टू मिलिमीटरने हललं, तर टूल झिजलंय की जॉब नीट पकडला गेला नाही, हे मला चटकन कळतं, ते त्या कानशीमुळे.

माझी खरी काळजी पुढची आहे. पोरगं पास होतं आणि आठवड्याभरात ठेकेदार गाठतो. त्याचा पगार शिकाऊ उमेदवाराच्या स्टायपेंडपेक्षा जरा जास्त असतो. घरात हप्ते असतात, पोरगं जातं. मग दोन-दोन वर्षं खोक्यात माल भरतं आणि शिकलेला हात विसरतो. अशी चांगल्या हाताची पोरं मी पाहिली आहेत. त्यांना दोष देववत नाही, पण जीव तुटतो.

म्हणून सांगतो, अप्रेंटिसशिप, म्हणजे आयटीआयनंतरची कारखान्यातली शिकाऊ उमेदवारी, सोडू नका. 1961 चा शिकाऊ उमेदवार कायदा आहे. 30 किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या कारखान्याला अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घ्यावेच लागतात, त्यात ठेक्यावरची माणसंही मोजतात. सातपूर, अंबड, सिन्नर इथे असे कारखाने कमी नाहीत. मुलाला घेऊन गेटवर जा, विचारा. शेवटी परीक्षा होते आणि देशभर चालणारं प्रमाणपत्र मिळतं. ते एक वर्ष घरच्यांनी कसंही करून ओढून न्यावं. शिक्षण तिथेच संपतं असंही नाही. आयटीआयचा दोन वर्षांचा ट्रेड, म्हणजे कोर्स, केलेल्याला डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेता येतो.

मुलीसाठी विचारायला मात्र अजून फार थोडे आलेत. माझ्याकडे व्हीएमसीवर, म्हणजे उभ्या सीएनसी मशीनवर, इगतपुरीकडची एक मुलगी आहे. तिने केलेलं सेटिंग मी पुन्हा तपासायला जात नाही.

पुढच्या वेळी एकटे येऊ नका, मुलाला किंवा मुलीला बरोबर आणा. सुट्टीच्या दिवशी नको, मशीन चालू असताना या. तासभर तिथे उभं राहू दे. तेलाचा वास आणि आवाज सोसवला, आणि धातूची चिप, म्हणजे कीस, कशी निघते ते बघायला ते पोर वाकलं, तर फॉर्म भरा.