'३' : जननीला कोणीच का सांगितलं नाही?

'कोलावेरी डी' अख्ख्या देशाने ऐकलं, पण ते ज्या तमिळ पिक्चरमधलं आहे तो '३' पूर्ण बघितलेली माणसं फार कमी भेटतात. गाणं आलं नोव्हेंबर २०११ ला आणि पिक्चर मार्च २०१२ ला. रजनीकांतची मुलगी ऐश्वर्या, तिचा डिरेक्टर म्हणून पहिलाच सिनेमा, संगीतकार अनिरुद्धचंही पहिलंच म्युझिक. पण ते गाणं ऐकून कोणी हलकाफुलका पिक्चर समजून बसलं तर सेकंड हाफ झेपत नाही. (पुढे सगळी स्टोरी सांगतेय, बघायचा असेल तर इथेच थांबा.)

राम म्हणजे धनुष, जननी म्हणजे श्रुती हासन. शाळेतलं प्रेम. घरचे अमेरिकेला न्यायला निघालेत तर ही पोरगी सरळ आपला पासपोर्टच जाळून टाकते. आणि तिची धाकटी बहीण, जी तोवर एक शब्दही बोललेली नसते, ती पहिल्यांदा तोंड उघडते ते ताईसाठी. हा सीन मला खूप आवडतो, कारण पुढे याच्या बरोब्बर उलट घडतं, बोलता येणारी माणसं गप्प बसतात.

लग्नानंतर रामला बायपोलर डिसऑर्डर (मूड काही काळ खूप चढा तर काही काळ खूप खाली जाण्याचा मानसिक आजार) असल्याचं निदान होतं, त्याचा मित्र सेंथिल त्याला डॉक्टरकडे नेतो, सगळं सांभाळतो, पण राम म्हणतो जननीला कळू द्यायचं नाही आणि सेंथिल ऐकतो. तिला कळतं ते राम गेल्यावर. त्याने जीव दिलेला असतो आणि ही वेड्यासारखी शोधत फिरते की माझं काय चुकलं.

बऱ्याच जणांना हा त्याग वाटतो, बायकोला त्रास नको म्हणून एकट्याने सोसलं वगैरे. मला नाही वाटत तसं. सेंथिलवर माझा राग नाही, त्याने दोस्ती निभावली, पण ज्या मुलीने पासपोर्ट जाळला तिला हे झेपणार नाही हे ठरवायचा अधिकार या दोघांना कोणी दिला?

आणि हे फक्त भावनेचं नाहीये. बायपोलरमध्ये घरातल्या माणसाचा रोल फार मोठा असतो. मॅनिया, म्हणजे मूड खूप चढलेला काळ, सुरू होताना बऱ्याचदा आधी झोप कमी होते, माणूस तीन तास झोपतो आणि तरी एकदम फ्रेश असतो, बोलणं वाढतं, खर्च वाढतो. हे शेजारी झोपणाऱ्या माणसाला दिसतं, दोन आठवड्यांनी एकदा भेटणाऱ्या डॉक्टरला नाही. लिथियम हे औषध चालू असेल तर रक्तातली लेव्हल चेक करत राहावी लागते, गोळ्या मध्येच सोडून चालत नाही. जननीला माहिती असतं तर तिला रामचा राग आणि रामचा आजार वेगळा करता आला असता.

पिक्चर आजार दाखवण्यात चुकलाय हेही सांगते. राम क्षणात हसतो, क्षणात हिंसक होतो, त्याला भास होतात. खऱ्या आयुष्यात मॅनियाचा काळ किमान आठवडाभराचा आणि डिप्रेशनचा दोन आठवड्यांहून जास्तही चालतो, मिनिटामिनिटाला मूड बदलत नाही. भास होऊ शकतात, पण सगळ्यांना होतात असं नाही, आणि बायपोलर असलेली कितीतरी माणसं औषधं घेत नोकरी करतात, संसार करतात. तसा एकही माणूस या सिनेमात नाही, ही मला त्याची सगळ्यात मोठी उणीव वाटते. वाईट याचं वाटतं की धनुषने काम इतकं जीव ओतून केलंय की बघणाऱ्याला हाच खरा बायपोलर वाटणार.

श्रुतीबद्दल लोक कमी बोलतात. 'पो नी पो' या गाण्याच्या आसपासचा तिचा चेहरा बघा, नवऱ्याचं दुःख आणि काहीच माहिती नसल्याचा संताप दोन्ही एकत्र आहे त्यात.

बघणार असाल तर सबटायटल्स लावून बघा, डबमध्ये मजा जाते. पण सध्या स्वतःचंच मन ठीक नसेल तर सेकंड हाफ एकट्याने बघू नका, आणि फारच जड वाटलं तर टेली मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे, फ्री आहे, मराठीतही बोलता येतं.