पुरातून निघालेल्या निगेटिव्ह

ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचे पाणी सांगलीच्या आयर्विन पुलापाशी ५७ फुटांवर गेले, त्या पुरात गावभागातील आमचे घरही बुडाले. पाणी ओसरल्यावर पलंगाखालची पत्र्याची ट्रंक उघडली, तेव्हा ताईच्या १९९६ सालच्या लग्नाच्या अल्बमचा लगदा झाला होता आणि निगेटिव्हच्या पट्ट्या गाळाने भरलेल्या प्लॅस्टिकच्या पाकिटांना चिकटल्या होत्या.

मी त्या उन्हात वाळत घालणार होते, परंतु ओळखीच्या एका स्टुडिओवाल्या काकांनी मला थांबवले. फिल्मवरचे चित्र जिलेटिनच्या थरांत असते. हे जिलेटिन पाण्यात फुगते आणि पाकिटाला चिकटून वाळले, तर सोडवताना चित्रासकट निघून येते, असे त्यांनी समजावले. पट्ट्या ओल्या राहिल्या तरी बुरशी तेच जिलेटिन खाते, त्यामुळे फार वेळ हाती नव्हता. गावात प्यायच्या पाण्याची टंचाई असताना विकतचे कॅन या कामासाठी वापरणे मनाला लागत होते. तरीही परातीत थंड पाणी घेऊन, पट्टी फक्त कडेने धरून, एकेक पाकीट मी पाण्याखालीच सोडवले. गुळगुळीत बाजूला बोट लागले तर चालते, पण निस्तेज बाजूला, म्हणजे चित्राच्या बाजूला, अजिबात लावायचे नाही. शेवटी पट्ट्या न्हाणीघरात दोरीला चिमट्यांनी टांगल्या.

स्कॅन केल्यावर प्रथम मी संगणकावर रंग दुरुस्त करू लागले. दोन दिवस त्यात घालवल्यावर सप्तपदीचा फोटो पुढे आला आणि मी हात आवरला. रंगीत निगेटिव्हमध्ये पिवळ्या रंगाचा थर सर्वांत वर, त्याखाली किरमिजी आणि तळाशी निळसर हिरवा असतो. वरचा थर गेला, की निगेटिव्हचे रंग उलटवून केलेल्या सुलट्या चित्रात ती जागा पिवळी होते, दुसराही गेला की लाल, आणि सगळेच थर धुऊन गेले की काळी. त्या चौकटीत पाणी डाव्या कडेने शिरले होते; काळोखातून लाल पट्टा, लालातून हळदीसारखा पिवळा, आणि त्या पिवळ्यात ताईचे पुढे टाकलेले पाऊल शाबूत. जिलेटिन फुगून आकसल्यामुळे तिच्या शालूवर बारीक सुरकुत्या उठल्या होत्या, नदीकाठचा गाळ भेगाळतो तशा. एवढे देखणे चित्र मूळच्या छायाचित्रात नव्हते, असे मला आजही मनापासून वाटते.

दुरुस्त केलेल्या प्रती मी पुसून टाकल्या आणि जसे निघाले तसे सगळे फोटो ताईला दाखवले. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग बाबांचा चेहरा असलेल्या दोन चौकटी तिने शोधल्या. एक पूर्ण काळी झाली होती, दुसरीत त्यांचा फेटा आणि अर्धे कपाळ उरले होते. तीच दुसरी तिने मोठी करून मागितली.

तीन पट्ट्या एकमेकींना चिकटून वाळल्या होत्या. त्या मी सोडवल्या नाहीत. उजेडात धरल्या, की मंगलाष्टकांची गर्दी आणि पंगतीतली पाने एकाच चौकटीत दिसतात.