नागपुरात फ्रीलान्सिंगची नोंदणी: आधी स्पेलिंग जुळवा

फोटोग्राफर, व्हिडिओ एडिटर, चित्रकार, अनुवादक, कोणीही असा. एकट्याने काम करायला कंपनी काढावी लागत नाही. तुमचा स्वतःचा पॅन तोच धंद्याचा पॅन. पुढचे सगळे कागद त्यावरच चढतात आणि अडकतात तेही बहुधा तिथेच. आधारवर वानखेडे, पॅनवर वानखडे. एकीकडे वडिलांचं पूर्ण नाव, दुसरीकडे नुसतं आद्याक्षर. एवढ्यानेही पडताळणी थांबते. त्यामुळे हे आधी दुरुस्त करून घ्या. मोबाइल नंबर आधारला जोडलेला आहे ना, तेही बघा, नाहीतर ओटीपी यायचा नाही.

मग उद्यम, म्हणजे केंद्र सरकारची सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांची ऑनलाइन नोंदणी. फुकट आहे, कागद अपलोड करावे लागत नाहीत. पत्त्यात शेवटी 'जीओव्ही डॉट इन' नसेल तर ती साइट बंद करा. हुबेहूब दिसणाऱ्या खासगी साइट फी उकळतात. प्रकार 'सेवा' निवडा. एनआयसी कोड, म्हणजे कामाचा प्रकार सांगणारा सरकारी आकडा, डिझाइनला 7410च्या गटातला, फोटोग्राफीला 7420, चित्रकला-लेखनाला 9000.

त्यानंतर गुमास्ता, म्हणजे दुकाने व आस्थापना कायद्याखालची नोंद. हाताखाली माणूस नसेल तर परवाना नाही, फक्त व्यवसाय सुरू केल्याची ऑनलाइन सूचना द्यायची, सुरू केल्यापासून 60 दिवसांत. इथे घरून काम करणारे हमखास एका फोटोपाशी अडतात: जागेचा फोटो मराठी नामफलकासकट मागतात. दारावर देवनागरीत छापलेला साधा फलक लावा आणि अक्षरं वाचता येतील असा फोटो काढा. फलकावर, उद्यमवर आणि गुमास्त्यावर व्यवसायाचं नाव अगदी सारखं हवं. एकीकडे 'स्टुडिओ' आणि दुसरीकडे 'स्टुडिओज' असलं की चालू खातं उघडताना बँक अर्ज परत करते. त्या खात्याला व्यवसायाच्या नावाचे दोन पुरावे लागतात. उद्यम आणि गुमास्ता मिळून काम भागतं.

सगळ्यात जास्त विसरला जातो तो व्यवसाय कर. नोकरदाराचा पगारातून कापला जातो, तुमचा कापणारं कोणी नाही. महाजीएसटीच्या पोर्टलवर पीटीईसी, म्हणजे या कराचं नोंदणी प्रमाणपत्र, घ्यायचं. कर वर्षाला 2,500 रुपये, मुदत 30 जून. नोंदणी उशिरा केली तर दिवसाला 2 रुपये दंड होऊ शकतो. रक्कम किरकोळ वाटते. तीन-चार वर्षांची थकबाकी व्याजासकट आली की वाटत नाही.

जीएसटीची मात्र घाई नको. सेवांना वर्षाच्या 20 लाखांच्या उलाढालीपर्यंत नोंदणी सक्तीची नाही, गिऱ्हाईक पुण्याचं असो की बंगळुरूचं. एकदा नंबर घेतला की काम नसलेल्या महिन्याचंही विवरणपत्र भरावं लागतं. चुकलं तर शून्य विवरणपत्रालाही दिवसाला 20 रुपये. नंबर घ्यायची वेळ आलीच तर जागेचा पुरावा हवा. महाल-इतवारीच्या जुन्या घरांत महावितरणचं बिल अजून आजोबांच्या नावावर असतं. अशा वेळी मालकाचं संमतिपत्र लागतं. आजोबा नसतील तर त्यावर सही कोण करणार? घराची मालकी आधी महापालिकेच्या कर पावतीवर हयात माणसाच्या नावे चढवून घ्या, मग त्याचं संमतिपत्र जोडा.

आयकरात निम्मं उत्पन्न नफा धरायची सोय सगळ्यांना आहे, असा गैरसमज फार पसरलाय. ही सोय, म्हणजे 1961च्या कायद्यातलं कलम 44एडीए, ठरावीक व्यवसायांनाच आहे. इंटिरियर डेकोरेटर त्यात बसतो. सिनेमाचा एडिटर, कॅमेरामन, गीतकारही बसतात. लोगो करणारा डिझायनर किंवा लग्नाचे फोटो काढणारा आपोआप बसत नाही. विवरणपत्रातला व्यवसायाचा कोड सीएला विचारूनच टाका.

आणि उद्यम क्रमांक प्रत्येक बिलावर छापा. लेखी करार असला तरी खरेदीदाराने 45 दिवसांत पैसे द्यायचे, करार नसेल तर 15. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज मागता येतं. पण नोंदणी कामाच्या आधीची हवी. बिल थकल्यावर काढलेल्या उद्यमवर समोरचा पहिला आक्षेप तारखेचाच घेतो.