बुलेट अपडेट: टाकीवरचा तीन की आठ?

माझ्या जुन्या बुलेटच्या आरसीवर १९९१ साल आहे, पण गाडी मुळात लष्कराची आणि त्याहून जुनी असावी या शंकेने तिचं खरं वर्ष शोधतोय. अखेर लष्करी नंबराचा बाण सापडला. टाकीच्या डाव्या बाजूला काळा रंग, त्याखाली मरून, त्याखाली लाल प्रायमर, मग लष्करी हिरवा, आणि त्या हिरव्यावर पांढऱ्या रंगात वर तोंड केलेला बाण. मागच्या वेळी मडगार्डाच्या स्टेवरची, म्हणजे आधाराच्या सळ्यांवरची, जास्तीची भोकं बघून ज्यांनी 'पॅनियरची (बाजूला लटकवायच्या पेट्यांची) आहेत, गाडी मिलिटरीची' असं छातीठोक सांगितलं होतं, त्यांना माझ्याकडून चहा लागू.

आता आरसीवरच्या १९९१ चं काय करायचं ते बोलू. नंबर एमएच-१३ आहे, म्हणजे नोंदणी १ जुलै १९८९ नंतर सोलापुरात झाली. त्यातून एवढंच सिद्ध होतं. लष्कराच्या लिलावातून आलेल्या गाडीला नागरी नंबर पडला आणि त्याच वेळी नोंदणीचं वर्ष उत्पादनाच्या रकान्यात जाऊन बसलं, असं माझ्या गाडीचं झालेलं दिसतंय.

सुटे भाग बघून वय काढायचा नाद मी सोडला. समोरचा सात इंची, दोन लीडिंग शूजचा ड्रम ब्रेक नंतर कोणीतरी चढवलाय. टाकीवर 'रॉयल एनफिल्ड'चे स्टिकर होते, पण आयशरने कंपनी घेतली १९९४ ला. त्याआधी ती 'एनफिल्ड इंडिया'. इंजिन नंबर आरसीशी जुळतो, पण लष्करी वर्कशॉपात ओव्हरहॉलला गेलेल्या गाडीत परत तेच इंजिन बसलं असेल याची हमी कोण देणार? आणि ७० बाय ९० मिलिमीटरचं बोअर-स्ट्रोक (सिलिंडरचा व्यास आणि पिस्टनची धाव), ३४६ सीसी म्हणावं, तर चेन्नईजवळचा तिरुवोट्टियूरचा कारखाना १९५६ ला सुरू झाल्यापासून कित्येक दशकं तेच. विकणाऱ्याचं म्हणणं होतं, "जी-टू आहे मालक!" म्हणजे बुलेटचं जुनं मॉडेल. आपल्याकडे उजव्या पायाचा गिअर दिसला की ती जी-टू, आणि जी-टू म्हटलं की किमतीत लगेच भर.

म्हणून सगळा भार लष्करी नंबरावर. त्याची रचना साधी असते: आधी बाण, मग खरेदीच्या वर्षाचे दोन आकडे, मग एक अक्षर, मग अनुक्रमांक, शेवटी आणखी एक अक्षर. म्हणजे बाणाशेजारचे दोन आकडे निघाले की काम फत्ते.

पेंट रिमूव्हर या कामाला अजिबात वापरू नका. तो रंगाचे थर मोजत बसत नाही, नंबरासकट सगळं पत्र्यापर्यंत खरवडून आणतो. वॉटर पेपरच (पाणी लावून घासायचा पॉलिश पेपर) घ्या: चारशे नंबरच्या कागदाने काळा आणि मरून काढायचा, आठशेने प्रायमर पातळ करायचा आणि हिरवा डोकावला की पंधराशे आणि साबणाचं पाणी. कागद चांगल्या कंपनीचा घ्या. खुल्या बाजारातल्या स्वस्त कागदाचे दाणे सुटतात आणि नेमके नंबरावर ओरखडे पडतात. सोलापूरकरांना वेगळं सांगायला नको, नळाला पाणी यायच्या दिवशीच हा उद्योग करायचा. तरी मी एकच बादली निवळत ठेवून पुन्हा पुन्हा वापरली, म्हणून घरात शांतता आहे.

सात स्वच्छ निघाला. पुढच्या आकड्यावर नेमका पोचा, आणि पोच्यात लांबी, म्हणजे पुट्टी, भरलेली. लांबी काढताना खालचा पांढरा रंगही तिच्याबरोबर उठून आला. उरली ती इंग्रजी आकड्याची उजवी बाजू, दोन फुगीर कमानी. तीन म्हणा नाहीतर आठ म्हणा, दोन्ही बसतात.

पाच वर्षांच्या फरकाने काय बिघडतं असं वाटेल, पण गोम इथेच आहे. २०२१ च्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं झालेली, मूळ रूपातली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदता येते, नंबरात 'व्हीए' अक्षरं येतात. नव्या नोंदणीची फी वीस हजार. आरसीवरचं १९९१ धरलं तर मला २०४१ पर्यंत थांबावं लागेल. पण लष्कराच्या गाड्यांची नोंदणी लष्कराकडेच होते, आताच्या मोटार वाहन कायद्यात त्यासाठी कलम ६० आहे. तीच पहिली नोंदणी धरावी, हा माझा युक्तिवाद. तो टिकला आणि आकडा तीन निघाला तर १९७३, म्हणजे पन्नाशी आधीच ओलांडलेली. आठ निघाला तर थेट २०२८.

आमचे चाचा मेकॅनिक यावर म्हणाले, "मालक, गाडी चालती ना? मग तिचं वय काढून लग्न लावायचंय काय?" त्यांना काय सांगणार!

उत्तर मिळालं ते अनुक्रमांकातून. रात्री दिवे घालवून मोबाइलचा टॉर्च पत्र्याला जवळजवळ टेकवून आडवा धरला, तर अनुक्रमांकातल्या शून्याला वर आणि खाली बारीक फट दिसली. शेजारच्या पाचला तशी फट नाही. मग डोक्यात प्रकाश पडला: हा नंबर हाताने रंगवलेला नाही, स्टेन्सिलने मारलाय. शून्याच्या पोटातला पत्र्याचा तुकडा गळून पडू नये म्हणून स्टेन्सिल कापणारा दोन पट्ट्या सोडतो, त्या जागी रंग बसत नाही. पाचला बंद पोट नाही, म्हणून पट्टीही नाही. तीनचंही तेच, तोही उघडाच. आठला मात्र दोन पोटं, त्याला पट्ट्या हव्यातच.

परत पोच्याकडे. वरच्या कमानीच्या डोक्यावर, जिथे रंग अजून शाबूत होता, तिथे हिरवी फट. नखाएवढीही नाही, पण कडा सरळ, कापल्यासारखी. रंग उडालेल्या जागेची कड अशी कधीच नसते. खालच्या कमानीच्या तळाशीही तशीच अर्धी फट सापडली.

आठ. १९७८. व्हिंटेज नंबराचं स्वप्न निदान २०२८ पर्यंत माळ्यावर.

पण टाकीवरून टाकीचंच वय कळतं, ही शंका तुम्ही काढणारच. म्हणून मागच्या मडगार्डावरची नंबरप्लेटची पट्टी खोलली. ती बसवली तेव्हा तिच्याखालचं कोणी घासलं नसावं, कारण तिथे अनुक्रमांकाचे शेवटचे तीन आकडे आयते मिळाले, आणि ते टाकीशी तंतोतंत जुळतात. टाकी आणि मडगार्ड एकाच गाडीचे! हँडलच्या नळीवर चेसिस नंबरभोवतीही तोच हिरवा निघालाय. नंबरावर कागद ठेवून घेतलेली पेन्सिल प्रिंट स्वच्छ आली, एकही आकडा पुन्हा पंच केलेला वाटत नाही. पूर्ण नंबर इथे टाकत नाही, कारण माहीत आहे.

आता रंगाचं. मरून आणि सोनेरी रेघा असं ठरलं होतं, ते रद्द. लष्करी हिरवा करावा असं फार मनात आहे, पण केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या १२१ व्या नियमाने तो रंग संरक्षण खात्याच्या गाड्यांनाच राखून ठेवलाय, आणि आरसीवर माझी गाडी काळी आहे. तेव्हा काळीच. क्रोम मात्र कुठेही नाही, रिमसुद्धा काळ्या. हे लिहिता लिहिता आणखी एक सुचतंय: टाकी पूर्ण घासून नव्याने रंगवायचीच कशाला? नंबराचा तेवढा तुकडा क्लिअर लॅकरखाली राखायचा आणि बाकीची टाकी काळी करायची. पेंटरला विचारलं तर तो कडेला पायरी दिसेल म्हणतो. दिसू दे. तेवढ्या हिरव्या तुकड्यावरून रस्त्यात कोणी अडवलंच, तर तिथला नंबरच दाखवता येईल.

आता बी रजिस्टरच्या, म्हणजे आरटीओकडच्या गाडीच्या नोंदवहीच्या, उताऱ्यासाठी अर्ज टाकतोय. १९९१ च्या फाइलमध्ये लिलावाचे कागद जोडलेले असतील तर लष्करी नंबर तिथेही सापडायला हवा, आणि मग पहिल्या नोंदणीच्या युक्तिवादाला कागदाचा आधार मिळेल. रविवारी पुण्याच्या जुन्या बाजारात पॅनियरची फ्रेम शोधणार आहे. कोणाकडे असेल तर विकू नका म्हणत नाही, पण आधी स्टेवरच्या दोन भोकांमधलं अंतर मोजून कळवा.