मी काढलेला ‘बहुधा’

सोमवारी सकाळी एका अनोळखी अभियंत्याची चार ओळींची मेल आली. विजेची मोटर फिरवणारा त्यांचा सर्किट बोर्ड दोन-तीन दिवसांतून एकदा थिजत होता. लिनक्स कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, दस्तऐवजातलं एक वाक्य खोटं आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. वाक्य होतं, ‘हे फंक्शन कुठूनही कॉल करता येतं.’ मी गिट ब्लेम लावलं, म्हणजे कोणती ओळ शेवटी कुणी बदलली ते पाहिलं. वाक्याशेजारी माझंच नाव निघालं.

कर्नलमध्ये ‘कुठून’ हा कळीचा प्रश्न असतो. स्पिनलॉक आणि म्यूटेक्स ही दोन कुलुपं: एका वेळी एकानेच आत यावं म्हणून. स्पिनलॉक धरलेला असताना झोपायची, म्हणजे प्रोसेसर सोडून वाट पाहायची, मुभा नसते, आणि म्यूटेक्स घेणारं फंक्शन झोपू शकतं. ते तसं झोपलं, तर तो स्पिनलॉक मागणारे प्रोसेसरचे कोअर जागच्या जागी फिरत राहतात. सगळेच अडकले की झोपलेल्याला उठून लॉक सोडायला कोअरच उरत नाही.

हे फंक्शन तर जास्तच फसवं. आधी वाचून ठेवलेला आकडा ताजा असेल तर तोच परत देतं, शिळा असेल तरच म्यूटेक्स घेऊन हार्डवेअरकडे जातं. म्हणून हजारो वेळा सुखरूप चालायचं आणि एखाद्या वेळी गळा धरायचं. त्या अभियंत्याने तीन आठवडे स्वतःचाच कोड उलटापालटा केला होता, कारण दस्तऐवजावर त्यांचा विश्वास होता.

या फंक्शनमध्ये म्यूटेक्स 2014 साली आला. ज्याने तो घातला त्याने बरोब्बर चार ओळी वर असलेल्या कॉमेंटला, म्हणजे वाचणाऱ्यासाठी कोडमध्ये लिहिलेल्या टिपेला, हात लावला नाही. कोड बदलून कॉमेंट तशीच सोडणं हा मला निव्वळ बेजबाबदारपणा वाटतो, आणि तो चांगले चांगले लोक रोज करतात.

पण माझा वाटा वेगळा आहे. कर्नलचे दस्तऐवज 2016 पासून, 4.8 आवृत्तीपासून, स्फिंक्स या दस्तऐवज बनवणाऱ्या साधनावर येऊ लागले. 2019 मध्ये जुन्या साध्या टेक्स्ट फायली आरएसटीमध्ये, म्हणजे स्फिंक्सला लागणाऱ्या मांडणीत, आणायचं मोठं काम चाललं होतं, त्यातल्या एकतीस फायली मी केल्या. मथळे, तक्ते, दुवे सगळं जागेवर. दस्तऐवजांची वेबपानं बनवणाऱ्या ‘मेक एचटीएमएलडॉक्स’ या आज्ञेची एकही वॉर्निंग शिल्लक ठेवली नव्हती, त्याचा मला अभिमान होता. तपासणाऱ्यांनीही मथळ्याखालची रेघ मथळ्याएवढी लांब आहे का, हेच पाहिलं.

परवा मी जुनी फाईल काढून वाचली. तिथे लिहिलं होतं, ‘बहुधा इंटरप्टमधूनही चालावं.’ इंटरप्ट म्हणजे हार्डवेअरने चालू काम मध्येच थांबवून मारलेली हाक; तिथेही झोपता येत नाही. त्यातला ‘बहुधा’ मला तेव्हा गबाळेपणा वाटला होता. मी तो काढला आणि वाक्य ठाम केलं. म्यूटेक्स त्याआधीच पाच वर्षं तिथे होता. त्या वाक्यात खरी माहिती एवढीच होती, की लिहिणाऱ्याला खात्री नाही. नेमकी तीच मी पुसली.

दोन पॅच, म्हणजे दुरुस्त्या, पाठवले. पहिल्यात कॉमेंटमधली ‘कॉन्टेक्स्ट’ ही, कुठून कॉल करायचं ते सांगणारी, ओळ सुधारली: प्रोसेस कॉन्टेक्स्ट (इंटरप्टमधून नव्हे), झोपू शकतं. दुसऱ्यात फंक्शनच्या अगदी सुरुवातीला ‘माइट स्लीप’ ही, इथे झोपणं चालेल का ते पाहणारी, तपासणी घातली. मेंटेनरने, म्हणजे तो भाग सांभाळणाऱ्याने, विचारलं, म्यूटेक्स घेताना ही तपासणी होतेच, मग पुन्हा कशाला? मी लिहिलं, कारण आकडा ताजा असेल तर कोड म्यूटेक्सपर्यंत पोचतच नाही. सुरुवातीलाच घातलं की अ‍ॅटॉमिक स्लीपचं (झोपू नये तिथे झोपण्याचं) डीबगिंग चालू असलेल्या कर्नलमध्ये पहिल्याच चुकीच्या कॉलला ओरड होईल. त्यांना पटलं. कुठली चूक दुरुस्त होते ते सांगणाऱ्या ‘फिक्सेस’च्या ओळीत मी माझ्याच 2019 च्या कमिटचा, म्हणजे नोंदवलेल्या बदलाचा, हॅश (ओळखक्रमांक) दिला. दस्तऐवजाच्या पॅचला ती ओळ लागत नाही, असं एकाने सुचवलं. मी ती ठेवली. बोर्ड थिजण्यात त्या कमिटचा हात होता.

आता उरलेल्या तीस फायली जुन्या मजकुराशी ताडून पाहते आहे. नऊ झाल्या. पाचवीत ‘माझ्या माहितीप्रमाणे’ हे शब्द काढलेले सापडले. तिथला कोड वाचला. विधान आजही खरं आहे. सातवीत मात्र अजून अडकले आहे. कोडवरून निकाल लागत नाही, म्हणून मूळ लिहिणाऱ्यालाच विचारावं म्हटलं. पण कर्नलचा गिट इतिहास एप्रिल 2005 मध्ये, 2.6.12-आरसी2 या आवृत्तीच्या आयातीपासून सुरू होतो. ते वाक्य त्या पहिल्याच कमिटमध्ये आहे, त्यामागे नाव मिळत नाही. तूर्तास तिथे मी मूळ शब्द परत घातले आहेत, शंकेसकट.