मनगटाला मनगट

मास्तर आमच्या पार्कमधून गेले त्याला आता सहा वर्षे होत आली, तरी मे महिन्यातल्या त्या रविवारचा अहवाल मी अजूनही मनातल्या मनात पुन्हा पुन्हा लिहीत असतो. कागदावरचा अहवाल त्याच रात्री लिहून झाला होता, त्यातले एकही वाक्य खोटे नव्हते, आणि त्याच अहवालाचा आधार घेऊन त्यांचे कंत्राट पुढे वाढवायचे नाही असे ठरले. मी थीम पार्कच्या राइड विभागात शिफ्ट प्रमुख आहे. आयटीआय करून देखभालीच्या कामावर लागलो आणि हळूहळू वर आलो. करमणूक विभागाशी आमचा संबंध एरवी फारसा येत नाही, पण मास्तरांची जोकर म्हणून नेमणूक आमच्या रोलर कोस्टरच्या रांगेत होती, त्यामुळे नऊ वर्षे मी त्यांना जवळजवळ रोज पाहिले.

मास्तर ही उपाधी त्यांनी सर्कशीतून सोबत आणली होती. ते तासगावच्या बाजूचे. मिसरूड फुटण्याआधी तंबूत शिरले ते आधी झुल्यावर उडणारे म्हणून, अंग भरल्यावर कॅचर झाले, म्हणजे गुडघ्यांच्या आधाराने उलटे लटकून हवेतून येणाऱ्याला झेलणारे, आणि खांदा निखळल्यावर जोकर. ज्याला दुसरे काही जमत नाही तो जोकर होतो असे बाहेरच्यांना वाटते. वस्तुस्थिती नेमकी उलटी आहे. झुल्याच्या खेळात शेवटी गडबडून जाळीत पडणाऱ्या जोकराला चुकीचे दिसेल असे बरोबर पडावे लागते, आणि ते तंबूतल्या सगळ्यात जाणत्या माणसालाच साधते. १९९८ साली केंद्र सरकारने वाघ, सिंह, बिबट्या, अस्वल आणि माकड यांचे खेळ बंद करणारी अधिसूचना काढली आणि २००१ साली सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. जनावरांचे हाल त्यांनी जवळून पाहिले होते, त्यामुळे त्या बंदीबद्दल त्यांनी कधी तक्रार केली नाही. पण प्रेक्षक घटले, पगार थकू लागले आणि मास्तर आमच्याकडे आले.

दर वर्षी २० मार्चला ते कपडेपटात पेढे वाटत. १८८० साली त्या दिवशी विष्णुपंत छत्र्यांनी मुंबईत पहिल्या भारतीय सर्कशीचा पहिला खेळ केला. छत्रे मूळचे अंकलखोपचे, म्हणजे आमच्याच मुलखातले, हे सांगताना मास्तरांचा आवाज चढत असे. कुरुंदवाडच्या संस्थानिकांच्या पागेतला हा माणूस चियारिनी नावाच्या इटालियन सर्कसवाल्याचे खेळ पाहून ईर्षेने पेटतो आणि स्वतःची सर्कस उभी करतो, ही हकीकत आमच्या विभागातल्या प्रत्येक नव्या मुलाने त्यांच्या तोंडून पेढा खातखात ऐकलेली आहे.

रंग ते स्वतः कालवत. पार्ककडून मिळणाऱ्या तयार रंगाच्या नळ्या तशाच पडून असत. झिंक ऑक्साइडची पूड खोबरेल तेलात बोटाने घोटून केलेला सफेदा उन्हात ओघळत नाही असे त्यांचे म्हणणे होते, आणि नऊ उन्हाळ्यांत तो ओघळलेला मी पाहिला नाही. जांभळ्या आणि पिवळ्या चौकटींचा तो घोट्यापर्यंत पोचणारा कोट त्यांनीच शिवला होता. बुटांच्या पुढच्या पोकळीत ते काथ्या भरत, कारण कापसाने बूट घामात जड होतो.

त्यांचा सगळ्यात आवडता खेळ उंचीच्या दांडीपाशी चालत असे. आमच्या कोस्टरला १२० सेंटिमीटर उंची लागते, आणि दिवसातून कितीतरी मुलांना तिथून परत पाठवावे लागते. आईबाप वाद घालतात, मुलाला टाचा उचलायला सांगतात, बुटात काहीबाही कोंबून आणतात; आपल्याच मुलाच्या जिवाशी लोक इतक्या सहज तडजोड का करतात, हे मला आजवर कळलेले नाही. असे एखादे मूल रडवेले झाले की मास्तर पुढे येत, कोटाच्या आत गुडघे इतके वाकवत की दांडी त्यांच्या डोक्याच्या वर जाई, आणि आमचा ऑपरेटर गंभीरपणे त्यांनाही परत पाठवी. मग ते फतकल मारून असे रडत की ज्याला नाकारले तेच मूल त्यांचे डोळे पुसायला येई. पुढच्या वर्षी आपण दोघे मिळून येऊ, असा करार होऊन दोघेही रांगेबाहेर पडत. या एका खेळामुळे त्या दांडीपाशी होणारी भांडणे किती टळली, ते कोणत्याही तक्त्यात लिहिलेले सापडणार नाही.

त्या रविवारी दुपारी चारच्या सुमारास २१ माणसांना घेऊन चढावर निघालेली गाडी जमिनीपासून साधारण २५ मीटर उंचीवर थांबली. इथे थोडे यंत्राबद्दल सांगायलाच हवे. कोस्टरच्या मार्गाचे ब्लॉक पाडलेले असतात आणि एका ब्लॉकमध्ये एका वेळी एकच गाडी जाऊ शकते. पुढचा ब्लॉक रिकामा असूनही तिथला सेन्सर तो भरलेला दाखवत होता, म्हणून नियंत्रण यंत्रणेने चढावाची साखळी बंद केली. म्हणजे यंत्र बिघडले नव्हते, आपले काम चोख करत होते. चढताना जो टकटक आवाज येतो तो साखळीचा नसतो. गाडीखालची खिट्टी रुळांमधल्या दात्यांवरून एकेक घर पुढे पडत असते, आणि साखळी तुटली तरी गाडी मागे घसरू नये एवढेच तिचे काम असते. विसाव्या शतकाच्या आरंभी जॉन मिलर या अमेरिकी अभियंत्याने कोस्टरसाठी ज्या सुरक्षेच्या युक्त्या रूढ केल्या, त्यांतली ही एक. त्या खिट्टीवर माझा स्वतःच्या पायांइतका विश्वास आहे. खाली उभ्या असलेल्या लोकांचा मात्र तो नव्हता. आवाज थांबताच काहीतरी तुटले असे कोणीतरी ओरडले आणि शेदोनशे मोबाइल वर झाले.

दोष वीस मिनिटांत सापडला नाही तर माणसे पायऱ्यांनी उतरवायची, असा आमचा नियम आहे. चढावाच्या डाव्या अंगाला लोखंडी जिना असतो. कर्मचाऱ्याने पट्टा बांधून वर जायचे, डब्यामागचा खटका पायाने दाबून एकेका ओळीचा मांडीवरचा दांडा मोकळा करायचा, प्रवाशाला पट्टा चढवायचा आणि हाताला धरून खाली आणायचे. मी आणि माझे दोन सहकारी वर गेलो. पहिली सहा माणसे नीट उतरली. चौथ्या ओळीत जिन्याच्या बाजूला दहाएक वर्षांचा एक मुलगा होता आणि त्याच्या पलीकडे त्याची मावशी. दोघांना मिळून एकच दांडा. मुलाने तो दोन्ही मुठींनी इतका घट्ट मांडीवर ओढून धरला होता की खटका दाबला तरी दांडा उचलला जाईना. मी समजावले, मावशीने समजावले, माझ्या सहकाऱ्याने चॉकलेट देऊ केले. प्रत्येक वेळी ‘सोड’ हा शब्द ऐकला की त्याची बोटे आणखी पांढरी होत. जबरदस्तीने बोटे उकलायची नाहीत, हे आम्हाला शिकवलेले असते, आणि ते बरोबरही आहे. घाबरलेल्या माणसाने जिन्याच्या मध्यावर दुसरे काही तसेच पकडले, तर त्याच्यासह चौघे अडकतात. पण मग काय करायचे, ते मात्र पुस्तिकेत नव्हते.

बाकीची माणसे उतरवून मी खाली आलो तेव्हा मास्तर पिवळ्या फाटकापाशी उभे होते. केसांचा टोप आणि मोठे बूट त्यांनी आधीच काढून ठेवले होते.

“पोराच्या हाताचं काम हाय ते,” ते म्हणाले. “तोंडानं व्हायचं न्हाई. मला जाऊ द्या.”

“मास्तर, तुमचं नाव यादीत नाही. मला सोडता येत नाही.”

“मग तुमी संगट चला. बांधा काय बांधायचं ते.”

मी त्यांना पट्टा बांधला, दोन्ही हुक स्वतः तपासले आणि फाटक उघडले. तेव्हा मी फार विचार केला असे म्हणता येणार नाही. तो मुलगा अडकून पन्नास मिनिटे झाली होती, ऊन थेट त्याच्या तोंडावर होते, आणि खालून कोणीतरी ‘ओढा त्याला’ म्हणून ओरडत होते.

ते अनवाणी चढले, एकाही पायरीचा आवाज न करता. मुलापाशी पोचल्यावर त्यांनी काही वेळ त्याच्याकडे पाहिलेच नाही. कोटाच्या खिशातून रंग बसवण्याची पावडर काढून आपल्या उजव्या मनगटावर सावकाश चोळली. मुलगा ते पाहू लागला. मग त्यांनी त्याला सांगितले की आपण सर्कशीत झुल्यावर माणसे झेलत असू, आणि झेलताना हातात हात कधी द्यायचा नसतो, कारण घामाने पंजा निसटतो. मनगटाने मनगट धरायचे असते, म्हणजे एकाची पकड सुटली तरी दुसऱ्याची राहते. एवढे सांगून त्यांनी आपले मनगट त्याच्या डाव्या मुठीच्या अगदी वर, बोटभर अंतरावर आणून ठेवले आणि म्हणाले, “धर. दांड्यापरीस घट्ट धर. बघू तुझ्या हातात किती जोर हाय.”

‘सोड’ हा शब्द त्यांनी एकदाही उच्चारला नाही. मुलाची डावी मूठ उघडली आणि त्यांच्या मनगटावर बंद झाली. उजव्या हाताला वेळ लागला. माझ्या नोंदीत तिथे सात मिनिटे आहेत. मास्तरांना पुढे वाकून हात लांबवावा लागत होता, निखळलेला खांदा तोच होता, आणि सफेद्याखालून त्यांच्या कपाळाची शीर उठलेली मला दिसत होती. शेवटी तोही हात आला. मी खटका दाबला, दांडा वर गेला, मुलाला पट्टा चढवला आणि ते दोघे मनगटे न सोडता, मास्तर उलट्या पावलांनी आणि मुलगा सरळ, जिना उतरले. खाली आल्यावर मुलाचे दोन्ही तळहात पांढरे झाले होते. मावशी मास्तरांच्या पाया पडू लागली तेव्हा ते चटकन बाजूला झाले आणि आपले बूट शोधू लागले.

अहवालाच्या छापील नमुन्यात ‘प्रशिक्षित यादीबाहेरील व्यक्तीचा प्रतिबंधित क्षेत्रात प्रवेश : होय / नाही’ असा एक रकाना आहे. मी ‘होय’ लिहिले आणि खाली, परवानगी मी दिली, पट्टा मी बांधला, असेही लिहिले. चौकशीत मला तोंडी समज मिळाली; प्रसंग पाहून घेतलेला निर्णय, असे माझ्या बाबतीत म्हटले गेले. मास्तर कंत्राटी होते, त्यांच्या बाबतीत निर्णय कोणाचा हा प्रश्नच कोणी विचारला नाही. महिनाअखेरीस त्यांची मुदत संपत होती, ती संपू दिली गेली. त्याच आठवड्यात पार्कच्या प्रसिद्धी विभागाने त्या उतरण्याचे चित्रण संगीत लावून प्रसारित केले आणि ते लाखो लोकांनी पाहिले. मुदत संपू देणाऱ्या आणि चित्रण प्रसारित करणाऱ्या त्या दोन विभागांची कार्यालये एकाच मजल्यावर आहेत.

नियम चुकीचा होता असे मी आजही म्हणणार नाही. हौशी माणसांना वर सोडले तर एक दिवस कोणीतरी पडेल, आणि सुरक्षा अधिकाऱ्याने मला जे सुनावले त्यातला शब्दन् शब्द मी नव्या मुलांना शिकवतो. मला खुपते ते हे, की त्या दिवशी वर गेलेल्या चौघांपैकी उंचीवरच्या माणसाच्या हातांबद्दल खरे ज्ञान फक्त एकाला होते, आणि नमुन्यात तोच अप्रशिक्षित ठरला. पुस्तिकेच्या पुढच्या आवृत्तीसाठी मी एक परिच्छेद लिहून दिला होता: पकड सोडायला सांगू नये, दुसरी पकड द्यावी. छापून आले ते ‘अतिथीस धीर द्यावा’ एवढेच. तरी माझ्या शिफ्टमधल्या प्रत्येकाला मी थांबलेल्या डब्यात बसवतो, दांडा आवळायला सांगतो, आणि बाकीच्यांना मनगट पुढे करायला लावतो.

गेल्या दिवाळीत गावी गेलो होतो, तेव्हा वाट वाकडी करून मास्तरांकडे गेलो. द्राक्षबागेच्या कडेला दोन खोल्यांचे घर आहे. अहवालाबद्दल बोलायचे म्हणून मी सगळ्या वाटेने वाक्ये जुळवत गेलो होतो, पण त्यांनी तो विषय निघूच दिला नाही. चहा झाल्यावर त्यांनी विचारले, “त्या पोराचा उजवा हात सुटायला किती येळ लागला म्हनायचा?”

मी म्हणालो, “सात मिनिटं.”

“चूक माझी व्हती. मी त्याच्या गुडघ्यापाशी हुबा ऱ्हायलो. वरच्या पायरीवर जाऊन खाली तोंड केलं असतं तर दोन्ही हात संगटच आलं असतं.” त्यांनी अंगणातच दोन विटा मांडून मला एकीवर बसवले आणि ते कसे, हे करून दाखवले. उजवा हात खांद्याच्या वर जात नव्हता.

परत आल्यावर, दुरुस्तीसाठी राइड बंद असलेल्या पहिल्याच दिवशी, मी रिकामी गाडी त्याच जागी थांबवायला लावली आणि जिना चढून चौथ्या ओळीच्या वरच्या पायरीवर खाली तोंड करून उभा राहिलो. तिथून दांड्याच्या दोन्ही टोकांना न वाकता हात पोचतो. त्या पायरीच्या कडेला मी पिवळ्या रंगाचा एक पट्टा मारून ठेवला आहे.