आमची वाटचाल: पिवळी काच आणि बाबांचे डोळे

बाबांनी आयुष्यभर मुंबईत टॅक्सी चालवली. काळी-पिवळी पद्मिनी, तिचे गोल हेडलाईट खऱ्या काचेचे. रोज सकाळी ते ओल्या वर्तमानपत्राने पुसायचे, तेवढ्यावर भागायचं. दगड लागला तर काच फुटायची, पण पिवळी कधी पडली नाही. पुढे पद्मिनी मोडीत गेली आणि त्यांनी एक सेकंडहँड छोटी गाडी घेतली. दोन-तीन वर्षांत ते रात्रीची भाडी टाळायला लागले. ईस्टर्न एक्सप्रेसवर कडेने चालणारा माणूस फार उशिरा दिसतो, म्हणायचे. घरात सगळ्यांनी मोतीबिंदूच धरला. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, मोतीबिंदू नाही, चष्म्याचा नंबरही तोच आहे.

मी तेव्हा कुर्ल्याला सीएसटी रोडवर डेंटिंग-पेंटिंगच्या दुकानात कामाला होतो. एका रात्री चाळीच्या भिंतीवर बाबांच्या गाडीचा उजेड पाडून बघितला आणि शेजाऱ्यांची नवी गाडी बाजूला लावली. बाबांच्या गाडीचा उजेड चहाच्या रंगाचा, आणि एका जागी न पडता भिंतभर सांडलेला. दुसऱ्या दिवशी दुकानातून वॉटर पेपर, म्हणजे पाण्यासोबत घासायचा पेपर, आणि चमक आणणारं कंपाउंड मागून आणलं आणि दुपारभर गाडीच्या हेडलाईटच्या काचा घासत बसलो. रात्री बाबा भांडुपहून शीवपर्यंत फेरी मारून आले आणि एवढंच म्हणाले, "अरे, माझे डोळे ठीक आहेत."

पिवळ्या पडलेल्या हेडलाईटच्या काचा दुरुस्त करण्याचा आमचा धंदा सुरू झाला तो असा.

लोक अजूनही तिला काचच म्हणतात, मीही म्हणतो. पण आताच्या गाड्यांच्या हेडलाईटला पुढून असतं ते पॉलिकार्बोनेट, म्हणजे प्लास्टिक. हलकं, हव्या त्या आकारात ओतता येणारं, दगड लागला तरी सहसा न फुटणारं. ऊन मात्र त्याला सोसत नाही. उन्हातल्या अतिनील किरणांनी ते पिवळं पडतं आणि वरून बारीक बारीक तडकतं. म्हणून कारखान्यात त्यावर एक पातळ, कडक संरक्षक थर देतात. काही वर्षांनी तो थरच उन्हाने झिजतो, मग काच दुधाळ, पिवळी दिसायला लागते. मुंबईत किती गाड्यांना डोक्यावर छप्पर मिळतं? सोसायटीत गाडी रोज एकाच जागी, एकाच तोंडाने उभी असते. कोणती काच जास्त पिवळी आहे हे बघून दुपारचं ऊन तिला कुठून लागतं ते मी सांगू शकतो.

सुरुवातीला स्कूटरवर एक बादली, एक पिशवी आणि हातातलं बफिंग मशीन घेऊन भांडुप, मुलुंड, विक्रोळीच्या सोसायट्यांत जायचो. घासायचो, कंपाउंड मारायचो, काच आरशासारखी व्हायची. गिऱ्हाईक खूश, मीही खूश. चार-पाच महिन्यांनी मुलुंडच्या एका सोसायटीतून फोन आला, नंतर त्याच सोसायटीतून आणखी दोन. काचा पुन्हा पिवळ्या झाल्या होत्या, पहिल्यापेक्षा जास्त. ती चूक माझी होती. पिवळेपणा घासताना कारखान्याचा उरलासुरला थरही मी काढून टाकत होतो आणि उघडं प्लास्टिक उन्हात सोडून देत होतो. तिघांचे पैसे परत केले. त्या महिन्यात घरभाड्यासाठी बायकोने तिच्या भिशीचे पैसे दिले.

घासण्याला खरं काम मानणं तेव्हापासून सोडलं. खरं काम वरच्या कोटाचं. आता आधी काचेवर पाणी ओततो. ओली झाल्यावर ती स्वच्छ दिसली तर बिघाड वरवरचा आहे. ओली असूनही धुरकट राहिली तर बिघाड आत आहे, तिथे बाहेरून कितीही घासा, फरक पडणार नाही. आत पाण्याचे थेंब धरले असतील तर सील गेलेलं असतं, तो रोग वेगळा. अशी गाडी आम्ही काम न घेता परत पाठवतो. बाकीच्यांना बॉडीवर मास्किंग टेप लावून पाण्यासोबत सहाशे नंबरचा पेपर, मग त्याहून बारीक हजार, दीड हजार, दोन हजार. आधीच्या पेपरच्या रेघा पुढच्या पेपरने पूर्ण गेल्याच पाहिजेत. भाचा इथे घाई करायचा, आता करत नाही. मग आयपीएने, म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून, हार्डनर (कोट कडक करणारं रसायन) घातलेला, अतिनील किरण अडवणारा पारदर्शक क्लिअर कोट. पुसायला थिनर वापरू नका. मी एकदा वापरला आणि डोळ्यांदेखत काचेला जाळी पडली. गिऱ्हाइकाला नवी जोडी घेऊन द्यावी लागली.

मधे वाफेची पद्धत आली. कपात द्रव तापवायचा आणि वाफ काचेवर सोडायची, पाच मिनिटांत चकाचक. एक किट मीही आणलं होतं. त्यात बहुतेक वेळा क्लोरोफॉर्म किंवा डायक्लोरोमिथेन असतं, ते प्लास्टिकचा पृष्ठभाग विरघळवून गुळगुळीत करतं. संरक्षण काहीच देत नाही, आणि ती वाफ दिवसभर भाच्याच्या छातीत जाणार. किट ठेवून दिलं. क्लिअर कोटही निरुपद्रवी नाही, त्यातल्या हार्डनरमुळे मास्क घातल्याशिवाय आमच्याकडे स्प्रे गन कुणी उचलत नाही. टूथपेस्टबद्दल रोज कुणीतरी विचारतं. चमक येते, पण थोड्याच दिवसांची.

लॉकडाऊनमध्ये काम बंद होतं. उठल्यावर मात्र महिनोन् महिने उन्हात उभ्या राहिलेल्या गाड्यांची रांग लागली आणि त्या कमाईवर भांडुपला गाळा भाड्याने घेतला.

गाळा हवा होता तो पावसासाठी. आमचा सगळ्यात मोठा हंगाम गणपतीच्या आधीचा. गावी जाणारे चाकरमानी रात्री निघतात. पुढे गोवा महामार्गाची वळणं, पाऊस, घाटातलं धुकं, आणि मागच्या सीटवर पोरं झोपलेली. त्यांना उजेड हवा असतो, आणि नेमकी तेव्हाच हवा इतकी दमट असते की क्लिअर कोटवर पांढुरकी झाक येते. उघड्यावर ते काम होऊच शकत नाही. गाळ्यात शटर ओढून, काच कोरडी करून, दिव्याखाली कोट सुकवता येतो. तरीही मुसळधार पावसाच्या दिवशी आम्ही कोट मारत नाही. बायको फोनवर स्पष्ट सांगते, "दादा, निघायच्या आदल्या दिवशी आणू नका, आठ दिवस आधी आणा." काही जण चिडून दुसरीकडे जातात. जाऊ देत.

गाळ्यात एक कागद लावला आहे. अमेरिकन ऑटोमोबाईल असोसिएशनने २०१८ साली केलेल्या चाचणीत खराब झालेल्या हेडलाईटचा उजेड नव्याच्या जेमतेम एक पंचमांश भरला होता. घासून दुरुस्त केल्यावर तो सुमारे ७० टक्क्यांपर्यंत आला. तो कागद मी मुद्दाम दाखवतो. आमच्याकडे काच नवी होत नाही. ज्याला पूर्ण उजेड हवा आणि परवडतं, त्याने कंपनीची नवी जोडी बसवावी. पासिंगला निघालेल्या टॅक्सीवाल्याला ती परवडत नाही, म्हणून तो आमच्याकडे येतो.

ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यावरून शेवटची पद्मिनी टॅक्सी गेली, त्या दिवशी बाबा गाळ्यावरच होते. संध्याकाळी ते रोज येतात. मागच्या भिंतीवर त्यांनी स्वतः काळ्या रंगाने दोन रेघा मारून घेतल्या आहेत. काम झालेली गाडी भिंतीकडे तोंड करून उभी करायची, मी दिवे बंद करतो, बाबा स्टुलावर बसून उजेड कुठे पडतो ते बघतात. "डावा थोडा खाली घे," म्हणतात. मी घेतो. ते मान हलवतात, मग बायको गिऱ्हाइकाला फोन लावते.